लिनक्स टाकलं, पण मशीन उठत नाही: आधी पडद्यावरची शेवटची ओळ वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे ज्यांना विंडोज ११ घेता येत नाही, असे कितीतरी लॅपटॉप अजून ठणठणीत आहेत. पुण्यात अशा मशीनवर लिनक्सचं मिंट किंवा उबुंटू टाकायला घेतलेले विद्यार्थी, शिक्षक, छोटे दुकानदार आता सहज भेटतात. इन्स्टॉलेशन पूर्ण झालं म्हणून निरोप येतो, पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायचं, आणि मग काळा पडदा, एखादी इंग्रजी ओळ, नाहीतर नुसताच लुकलुकणारा कर्सर.

इथे बहुतेक जण पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. कृपा करून लगेच तसं करू नका. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला होता, त्याच पद्धतीने तो पुन्हा सुरू होतो, तेच पर्याय निवडले जातात आणि मशीन त्याच जागी अडतं. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला वैतागून ‘इरेज डिस्क’ निवडलं जातं आणि घरातले दहा वर्षांचे फोटो जातात. फोटो गेल्यावर फार थोडं करता येतं. बूट बिघडलेलं मशीन मात्र बहुतेक वेळा अर्ध्या तासात उठवता येतं.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंतचं काम पाच जणांच्या हातांतून जातं. आधी फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सरसकट बायोस म्हणतो ते. ते ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला, शोधतं. ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्याबरोबरची इनिटरामएफएस ही छोटी फाइल मेमरीत चढवतो. कर्नल मुख्य पार्टिशन, म्हणजे लिनक्स बसलेला डिस्कचा भाग, माउंट करतो (वापरासाठी जोडून घेतो). मग सिस्टमडी बाकीच्या सेवा सुरू करतो आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो. पडद्यावरची शेवटची ओळ कुणाची आहे हे कळलं की बिघाड कुठे आहे ते कळतं. म्हणून पहिलं काम: मोबाइलने त्या ओळीचा फोटो काढा. अंधुक नको, अक्षर वाचता येईल असा.

आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, फोनवर कुणाला सांगाव्यात तशा. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं आणि आकडे वापरायचे. मोकळी जागा दिसते तिथे स्पेस.

इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह अजून पुसू नका, दुरुस्तीचं सगळं सामान त्यातच आहे. त्याच डिस्कवर विंडोजही ठेवलं असेल, तर बायोसमधलं काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरून लिहून घ्या. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू न होऊ देणारी सोय) बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर तो डेटा उघडणार नाही.

‘नो बूटेबल डिव्हाइस’

ही ओळ फर्मवेअरची. ग्रबपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे पद्धतीतली गल्लत. मशीन दोन प्रकारे बूट होतं, जुनी लेगसी पद्धत आणि यूईएफआय. बूट मेनू उघडला (मॉडेलप्रमाणे एफ१२, एफ९ किंवा एस्केप) की एकच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाच्या आधी ‘यूईएफआय’ लावून. घाईत पहिला निवडला तर लिनक्स लेगसी पद्धतीने बसतं. मग फर्मवेअर यूईएफआयवर ठेवलेलं असेल तर त्याला डिस्कवर काहीच सापडत नाही.

खात्री करणं सोपं आहे. पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ निवडून लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) या, टर्मिनल उघडा आणि एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही आज्ञा द्या. फोल्डरमधली नावं दिसली तर पेनड्राइव्ह यूईएफआयने चालू आहे. असं काही नाहीच म्हणून उत्तर आलं तर तो लेगसीने चालू आहे, आणि त्याच सत्रातून इन्स्टॉल केलेलं लिनक्सही लेगसीनेच बसलेलं असणार. २०१२ नंतरच्या जवळपास सगळ्या मशीनवर यूईएफआयच घ्यावं. लेगसी आणि जीपीटी (पार्टिशनांचा तक्ता ठेवण्याची नवी पद्धत) डिस्क अशी जोडी करायचीच असेल, तर ‘बायोस ग्रब’ खूण असलेलं १ एमबीचं मोकळं पार्टिशन लागतं. ते विसरलं की ग्रबला बसायला जागाच मिळत नाही.

पद्धत बरोबर असेल तर ईएफआय पार्टिशन, म्हणजे फर्मवेअर ज्यातून ग्रब उचलतं ते, बघा. एलएसबीएलके -एफ दिलं की डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी येते. त्यात व्हीफॅट प्रकारचं, साधारण १०० एमबी ते १ जीबीचं एक पार्टिशन हवं. मग सुडो ईएफआयबूटएमजीआर -व्ही. फर्मवेअरला आत्ता कोणकोणती नावं ठाऊक आहेत ते यात दिसतं. ‘उबुंटू’ (मिंटचंही फोल्डर याच नावाचं असतं) यादीत नसेल, तर ग्रब पुन्हा बसवायचा, ते पुढे येईल. नाव यादीत आहे, क्रमात पहिलं आहे, तरीही मशीन थेट विंडोजच उघडतं असंही होतं, कारण काही फर्मवेअर विंडोजच्या बूट मॅनेजरशिवाय दुसऱ्या नावाला जुमानत नाहीत. तिथे बायोसमध्ये ‘ट्रस्टेड फाइल’ किंवा ‘कस्टमाइज्ड बूट’ असा पर्याय शोधा आणि ईएफआय फोल्डरातल्या उबुंटूमधली शिमएक्स६४ ही फाइल स्वतः दाखवून द्या.

डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरचा सेल विसरू नका. सीआर२०३२, रुपयाच्या नाण्यासारखा गोल, ३ व्होल्टचा. भिंतीतून वीज येत असते तोवर बोर्डाचं घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल मेलेला असला तरी कळत नाही. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते तेव्हा तो उघडा पडतो. संध्याकाळी वीज आल्यावर बोर्ड सगळी सेटिंग्ज मूळ पदावर नेतो: बूटचा क्रम बदलतो, सेटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलतो, लेगसी परत चालू होतं. बुधवारी व्यवस्थित चालणारं लिनक्स शुक्रवारी ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतं आणि दोष लिनक्सला मिळतो. बायोसमधली तारीख वर्षानुवर्षं मागे गेलेली दिसली की समजायचं. कधीकधी पुढच्या टप्प्यावर ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर’ अशीही तक्रार येते, तीही याच सेलमुळे. तापकीर गल्लीत हा सेल कुठेही मिळतो. नवा बसवून तारीख, बूटचा क्रम आणि सेटा मोड नीट लावा. पुष्कळदा बाकी काहीच करावं लागत नाही.

‘ग्रब’ आणि ‘ग्रब रेस्क्यू’ यांत फरक आहे

दोन्ही दिसायला सारखे. काळा पडदा आणि एक शब्द. पण ‘ग्रब रेस्क्यू’ म्हणजे ग्रबचा गाभा चालू झाला आणि त्याला स्वतःचीच मॉड्यूल्स (कामाचे सुटे भाग) सापडली नाहीत. पार्टिशन हलवलं, पुसलं किंवा त्यांचे क्रमांक बदलले की असं होतं. इथे फक्त एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड एवढ्याच आज्ञा चालतात, म्हणून नेहमीच्या आज्ञा देऊन वेळ घालवू नका.

नुसतं एलएस दिलं की (एचडी०) (एचडी०,जीपीटी१) (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येते. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून. पेनड्राइव्ह लावलेला राहिला असेल तर तोच एचडी० होऊन बसू शकतो, म्हणून तो काढून ठेवा. आता एकेक पार्टिशन चाचपायचं: एलएस (एचडी०,जीपीटी२)/ . शेवटचा स्लॅश हवाच. ‘अननोन फाइलसिस्टम’ आलं तर पुढचं. बूट, ईटीसी, होम अशी नावं दिसली तर हेच आपलं घर. मग ओळीने:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबर असेल तर ओळखीचा मेनू येतो. बूटचं वेगळं पार्टिशन केलेलं असेल तर प्रीफिक्समध्ये ‘/बूट’ लिहायचं नाही, थेट ‘/ग्रब’. ही जोडणी एका बूटपुरतीच. आत गेल्यावर ग्रब पक्का बसवावाच लागतो.

नुसतं ‘ग्रब’ आलं तर मॉड्यूल्स सापडली आहेत, मेनूची फाइल तेवढी सापडली नाही. उबुंटू, मिंट, डेबियन यांत ईएफआय पार्टिशनवर तीन ओळींची एक छोटी ग्रब डॉट सीएफजी असते. त्यात मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी लिहिलेला असतो, म्हणजे त्या पार्टिशनचा लांबलचक ओळख क्रमांक. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट झालं की हा क्रमांक बदलतो. छोटी फाइल जुनीच राहिली तर ती नसलेल्या घराचा पत्ता सांगत बसते. तेव्हा कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी एवढं दिलं तरी मेनू उघडतो.

ग्रब पक्का बसवणं

हे एक काम नीट शिकून घ्यावं, अर्धी दुखणी त्यानेच जातात. लाइव्ह सत्रात, इन्स्टॉल ज्या पद्धतीचं त्याच पद्धतीने बूट होऊन या. एलएसबीएलके -एफ ने मुख्य पार्टिशन (बहुतेक ईएक्सटी४) आणि ईएफआयचं (व्हीफॅट) ओळखा. समजा ती अनुक्रमे पी२ आणि पी१ आहेत:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

तिसरी ओळ डेव्हसारखीच प्रॉक, सिस आणि रन यांसाठीही द्यायची, म्हणजे एकूण चारदा. इथे साधा बाइंड न घेता आरबाइंड घ्यायला एक कारण आहे. फर्मवेअरशी बोलणारा ईएफआयव्हार्स हा भाग सिसच्या आत वेगळा माउंट झालेला असतो, आणि साध्या बाइंडने तो आत येत नाही. मग ग्रब बसवताना ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ म्हणून अडतं. लाइव्ह सत्र लेगसीने चालू असेल तरी हीच ओळ येते. नंतर सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरून:

सुडो सीएचरूट /एमएनटी
ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय
अपडेट-ग्रब

‘नो एरर रिपोर्टेड’ दिसलं की एक्झिट देऊन रीबूट. लेगसी मशीनवर ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए, एवढंच. एसडीए२ नाही, अख्खी डिस्क. पार्टिशनचा आकडा लावण्याची चूक फार जण करतात.

फेडोरावाल्यांनी मात्र यूईएफआयवर ग्रब२-इन्स्टॉल चालवू नये. तिथला सही केलेला ग्रब पॅकेजमधून येतो, म्हणून सीएचरूटमध्ये जाऊन डीएनएफने (फेडोराच्या पॅकेज व्यवस्थापकाने) शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजेस रीइन्स्टॉल करायची. फेडोरा वर्कस्टेशन ३३ पासून बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम वापरतं, तेव्हा माउंट करताना -ओ सबव्हॉल=रूट हेही द्यावं लागतं. ते दिलं नाही तर आत फक्त ‘रूट’ आणि ‘होम’ अशी दोन फोल्डर दिसतात आणि गोंधळ उडतो. तिथे बूटचं पार्टिशनही वेगळं असतं, ईएफआयच्या आधी ते माउंट करा.

मेनूत विंडोज दिसत नसेल तर ते पुसलं गेलंय असं लगेच समजू नका. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला (यातलं फॉल्स छोट्या अक्षरांत, आधीचं सगळं नाव मोठ्या अक्षरांत), आणि अपडेट-ग्रब.

सिक्युअर बूट

‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ किंवा ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’ दिसलं तर फर्मवेअरने सही नाकारली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर दुहेरी बूटच्या अनेक मशीनवर ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा निरोप येऊन लिनक्स उठेना, तो याच जातीचा. उपाय असा: बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, सुडो मॉकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट द्या, एकदा रीबूट होऊन पुन्हा लिनक्समध्ये या, मग सिक्युअर बूट चालू करा.

एनव्हिडियाचं ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो, आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा थोडेच सेकंद थांबतो. घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबलं तर ड्रायव्हरची सही ओळखली जात नाही आणि ग्राफिक्स चालत नाही.

कंपन्यांतून बाहेर पडलेले जुने लॅपटॉप घेणाऱ्यांना एक सांगणं: पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून बघा. तिथे सुपरवायझर पासवर्ड लावलेला असेल तर सिक्युअर बूट, सेटा मोड यातलं काहीच बदलता येत नाही.

मेनू येतो, पण पुढे ‘इनिटरामएफएस’वर थांबतं

इथे ग्रब आणि कर्नल दोघांनी काम केलं आहे, मुख्य पार्टिशन मिळालेलं नाही. वरच्या ओळी वाचा. ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ असेल तर तिथेच बीएलकेआयडी द्या. यादीत डिस्क आहे पण क्रमांक वेगळा, तर वर सांगितल्याप्रमाणे सीएचरूट करून अपडेट-ग्रब. यादीत डिस्कच नाही, तर बायोसमधला सेटा मोड बघा. इंटेलच्या आरएसटी किंवा रेड मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क लिनक्सला दिसत नाही असं पुष्कळदा होतं, तो एएचसीआय करावा लागतो. पण बाजूला विंडोज असेल तर सरळ बदलू नका, ते ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळं होईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं एमएसकॉन्फिगमधून लावा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडा, मग सेफ मोड काढून टाका.

‘रन एफएससीके मॅन्युअली’ (फाइलसिस्टिमची तपासणी-दुरुस्ती स्वतः चालवा) असं असेल तर ते सांगतंय तेच करा: एफएससीके -वाय आणि पुढे त्याने छापलेलं पार्टिशनचं नाव, मग एक्झिट. वीज अचानक गेल्यावर हे हमखास येतं.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ हे कर्नल पॅनिक वेगळं. बहुतेक वेळा त्या कर्नलची इनिटरामएफएस तयारच झालेली नसते, कारण बूटचं पार्टिशन भरलेलं असतं. मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा, डीएफ -एच ने जागा बघा, सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह ने जुने कर्नल काढा आणि सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के ऑल.

‘इमर्जन्सी मोड’

हे बहुतेक वेळा एफएसटॅबचं काम, म्हणजे बूटला कोणती पार्टिशनं जोडायची ती यादी असलेल्या फाइलीचं. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत दीड मिनिट मोजलं जातं आणि मग इमर्जन्सी मोड. एखाद्या काढून ठेवलेल्या डिस्कची ओळ त्या फाइलीत राहिलेली असते. दुसरं लिनक्स शेजारी टाकताना स्वॅप (मेमरीला पुरवणी म्हणून वापरायचं पार्टिशन) पुन्हा फॉरमॅट झालं, तर पहिल्या लिनक्समधला स्वॅपचा क्रमांकही खोटा ठरतो. तेही मग दीड मिनिट वाट बघतं, पण शेवटी उघडतं. नॅनो /ईटीसी/एफएसटॅब उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा. बाहेरची डिस्क असेल तर तिच्या पर्यायांत नोफेल घाला, म्हणजे ती नसली तरी बूट अडणार नाही. ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून आत घेतच नसेल तर हीच फाइल लाइव्ह सत्रातून बदला.

सगळं झालं, पण पडदा काळा

पंखा चालू, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, पडद्यावर काही नाही. इथे मशीन बहुधा उठलेलं असतं, ग्राफिक्स तेवढं अडलेलं. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर ई दाबा (मेनू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप एकदाच दाबा, दोनदा दाबलं तर ‘ग्रब’वर जाऊन पडाल). ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, क्वायट स्प्लॅशच्या पुढे, स्पेस देऊन नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. आत गेल्यावर उबुंटूमध्ये सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल, मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर. नोमोडसेट कायमचा ठेवू नका, त्याने ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं. पासवर्ड दिला की पुन्हा लॉगिनच येत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनलवर जा आणि आधी डीएफ -एच बघा. होमची जागा संपली की असं होतं.

आणि हे सगळं करूनही दर दोन-चार दिवसांनी एफएससीके मागत असेल तर डिस्ककडे बघा. लाइव्ह सत्रात स्मार्टमॉनटूल्स टाकून सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए. हार्डडिस्कच्या तक्त्यात तीन ओळी महत्त्वाच्या, त्यांच्या शेवटच्या रकान्यातला आकडा बघायचा. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्क बरी आहे, सेटाची केबल बदला. ५ किंवा १९७ चा आकडा शून्यावरून वर सरकत असेल, तर दुरुस्तीची कुठलीही आज्ञा आता देऊ नका. एफएससीकेही नाही, त्याने मरत्या डिस्कवर आणखी लिहिलं जातं. लाइव्ह सत्रातूनच बाहेरची डिस्क जोडा, होममधलं सगळं तिच्यावर उतरवून घ्या आणि मगच नवी एसएसडी आणायला बाहेर पडा.